निविदा उघडली, पुढे काय?

सुरतेकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ नंदुरबार जिल्ह्यात नवापूरपाशी महाराष्ट्रात शिरतो आणि विसरवाडीवरून कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे जातो. त्याच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्याचे प्रायश्चित्त वाहनचालकांनी व रस्त्याकाठच्या गावांनी घेतले.

मक्ता देण्याची पद्धत कागदोपत्री निर्दोष आहे. प्रथम तांत्रिक लिफाफा उघडावयाचा, मग दराचा. पात्र निविदाकारांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्यास काम. परंतु कमी दर म्हणजे स्वस्त रस्ता नव्हे. अंदाजपत्रकाच्या फार खाली उतरलेला मक्तेदार आपली तूट खडी-डांबराच्या थरांत भरून काढू पाहतो. शिवाय जमीन हाती नसता कार्यादेश निघाला, की यंत्रे उभी राहतात आणि भरपाईचे दावे मात्र चालू लागतात.

केंद्र सरकारने २०१६ साली स्वीकारलेल्या मिश्र पद्धतीत खर्चाचा ४० टक्के भाग बांधकामाच्या काळात दिला जातो. उरलेला रस्ता पुरा झाल्यावर, बहुधा १५ वर्षांत, हप्त्याहप्त्याने. मक्तेदाराला रस्त्याशी बांधून ठेवणारी ही तरतूद इष्टच होय. पण तपासणीचा अभियंता जागेवर न जाताच सही करील, तर कोणतीही अट निष्फळ ठरेल.

म्हणून जमीन ताब्यात आल्यावाचून कार्यादेश देऊ नये, आणि मक्तेदाराचे नाव, कामाची मुदत व दोषदुरुस्तीची हमी रस्त्याच्या कडेला ठळक अक्षरांत लिहावी. पैसा जनतेचा आहे; हिशेबही तिच्या डोळ्यांदेखत व्हावा.