सहीचा रकाना

महाविद्यालयाच्या जिमखान्याचे दप्तर ज्याने सांभाळले आहे त्याला दैनिक भत्त्याची वही ठाऊक असते. स्पर्धेसाठी परगावी गेलेल्या खेळाडूचे नाव, वर्ग, प्रवासखर्च, भोजनखर्च आणि अखेरीस त्याची सही असे तिचे रकाने, आणि लेखापरीक्षकाचे बोट प्रथम फिरते ते या शेवटच्या रकान्यावरून. नीरा डाव्या कालव्याच्या मुलखात, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील मुलांना शिकवीत असताना ही वही पुष्कळ वर्षे माझ्या स्वाधीन होती. तीत पाच-दहा रुपयांचाही हिशेब चोख असे. परंतु तीच मुले चैत्र-वैशाखातील जत्रांच्या आखाड्यांत जे मिळवीत, आणि ज्यावर त्यांचा खुराक, खोलीचे भाडे व कित्येकदा धाकट्या भावंडांची पुस्तकेही अवलंबून असत, त्याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती आणि त्यावर कोणाची सहीही नव्हती.

एक जत्रा माझ्या स्मरणात ठसठशीत राहिली आहे. दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या उरकल्या, मग नारळावरच्या झाल्या, आणि उन्हे कलल्यावर हलगीचा ठेका चढत गेला तशी पंचांनी इनामाची जोड पुकारली. त्या जोडीतील एक मल्ल आमचा, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. बराच वेळ खडाखडी झाल्यावर त्याने ढाक लावून प्रतिस्पर्ध्याला चितपट केले, आणि मग रिवाजाप्रमाणे फेटा पसरून आखाड्याभोवती फेरी घातली, तेव्हा कोणी दहाची, कोणी पन्नासाची नोट त्यात टाकली. वस्तादांनी ते पैसे तेथेच मोजले. बदाम आणि तुपापुरते बाजूला काढून उरलेले त्याच्या वडिलांच्या हाती दिले, आणि वडिलांनी ते धोतराच्या सोग्यात बांधले, कारण खतांच्या दुकानाची उधारी तुंबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा परीक्षेच्या दालनात माझ्यासमोर बसला होता. कान सुजलेला, दोन बोटे पट्टीने एकत्र बांधलेली, आणि उत्तरपत्रिकेच्या कडेला तांबड्या मातीचा अस्पष्ट ठसा. त्याने उत्तीर्ण होण्यापुरते लिहिले. त्या वेळी मला त्याचे कौतुक वाटले. आज वाटते की कौतुकाबरोबर एखादी वहीही उघडायला हवी होती.

विद्यार्थी असताना खेळाडूने खेळातून द्रव्यार्जन करावे की करू नये, हा प्रश्न आमच्या मातीतून उगवलेला नाही. इंग्रजी अमदानीबरोबर ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ असे दोन वर्ग आपल्याकडे आले, आणि पहिला कुलीन व दुसरा हीन अशी समजूतही त्यांच्यासोबत आली. आमच्या आखाड्यात हौस असते ती पाहणाऱ्याची. त्यालाच आपण कुस्तीशौकीन म्हणतो, आणि तो आपल्या शौकाचे मोल खिशातून मोजतो. मल्लाने मेहनत करावी आणि दरबाराने किंवा गावाने त्याचा खुराक चालवावा, ही संस्थानी काळापासूनची रीत आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरास १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, तेव्हा तेथे उतरणाऱ्या मल्लाला इनाम घेतल्याबद्दल कोणी कमी लेखले नाही.

त्याच १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेतील आदिवासी कुळात जन्मलेल्या जिम थॉर्प या तरुणाने दोन सुवर्णपदके मिळवली, आणि पुढच्याच वर्षी ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली. कारण कार्लाइल येथे विद्यार्थी असताना दोन उन्हाळे त्याने किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळण्याचा अपराध केला होता. त्याच स्पर्धांत त्याच्याबरोबर उतरून मागे पडलेले एव्हरी ब्रंडेज पुढे १९५२ च्या जुलैत हेलसिंकी येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष निवडले गेले आणि वीस वर्षे त्यांनी हौशीपणाच्या नियमाची कडक राखण केली. योगायोग असा की त्याच महिन्यात, त्याच नगरीत, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. खाशाबा ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांच्या उत्पन्नातून गुरूचे ते घर सोडवले. ब्रंडेज यांच्या तराजूत ही कमाई घातली असती तर पारडे कोणीकडे झुकले असते हे सांगायला नको. मला मात्र आपल्या क्रीडेतिहासात इतका निर्मळ दुसरा व्यवहार आढळत नाही. ऑलिंपिकच्या सनदेतील तो नियम १९७४ नंतर सैल झाला, १९८६ साली धंदेवाईक खेळाडूंनाही दार उघडण्यात आले, आणि थॉर्पचे नाव एकमेव विजेता म्हणून पुन्हा लिहिले जाण्यास २०२२ साल उजाडले. तोवर त्याच्या मृत्यूला जवळजवळ सत्तर वर्षे लोटली होती.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले, आणि १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. तोवर ज्याला शिकायचे त्याने पुणे गाठायचे आणि ज्याला कुस्ती करायची त्याने एखादी तालीम गाठायची, असे दोन वेगळे रस्ते होते. महाविद्यालये जवळ आली तेव्हा हे दोन्ही रस्ते एकाच मुलाच्या पायांखाली येऊ लागले. कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि उसावर कारखाने उभे राहिले, त्यामुळे बागायती गावांच्या वर्गणीला वजन आले. सुप्याकडच्या जिरायती भागातील मुलगा मात्र त्याच आखाड्यात उतरे तो घरी दुभत्या म्हशीचाही आधार नसताना. कोल्हापूरकडील साखर कारखान्यांनी मल्लांना मानधनावर ठेवण्याची पद्धत पाडली होती. मानधनधारक मल्ल हा शब्द तिकडे रुळला. नाव, रक्कम, मुदत आणि सही हे सगळे त्या पद्धतीत होते, आणि म्हणूनच ती मला जत्रेतील फेट्यापेक्षा श्रेयस्कर वाटत आली आहे.

या प्रदेशाच्या स्मृतीत दोन वर्षे विशेष आहेत. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली स्थापन झालेल्या कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा २००५ साली इंदापुरास भरली आणि सईद चाऊस यांनी गदा पटकावली. लगेच २००६ साली ती बारामतीस आली आणि अमोल बुचडे विजयी झाले. त्या दोन हंगामांत येथील शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या चालण्यात जो फरक पडला तो मी वर्गात बसून पाहिला आहे. मागच्या बाकावरील मुले एकाएकी खांदे मागे टाकून बसू लागली. त्याच २००५ च्या एप्रिलात राज्य शासनाने शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षणाचा निर्णय काढला. येथून पुढे पदकाचे प्रमाणपत्र ही एक मालमत्ताच झाली: तिची राखण होऊ लागली, आणि कालांतराने बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली. द्रव्य खेळात आले म्हणून ही कीड लागली असे म्हणणारे मला पुष्कळ भेटले. ही कीड लागली ती दप्तरात, हे मी त्यांना सांगत असे. जेथे पडताळणीची सही चोख होती तेथे ती शिरली नाही.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, आणि ज्या खेळाला गावात चुन्याच्या चार रेघांपलीकडे भांडवल लागत नव्हते त्या खेळाच्या मुलांचा लिलाव दूरदर्शनवर दिसू लागला. बाजार समितीच्या आवारात कांद्याचा आणि गुळाचा लिलाव ज्यांनी जन्मभर पाहिला त्या वडीलधाऱ्यांना हा शब्द माणसाला लावलेला रुचला नाही, आणि त्यांची ती अरुची मला समजते; पण करार लेखी होता, रक्कम जाहीर होती, आणि ती मुलाच्या खात्यावर जमा होत होती. खेलो इंडिया योजनेने निवडलेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये हातखर्चासाठी मिळू लागले. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडच्या मैदानात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा त्यांना गदेबरोबर मोटार आणि ५ लाख रुपये मिळाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सांगलीस महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. ज्या आखाड्याच्या कडेला बायकांनी उभे राहण्याचीही चाल नव्हती, तेथे हे घडायला एक पिढी पुरली.

अमेरिकेत हा वाद निराळ्या कारणाने पेटला. तेथील विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या सामन्यांवर अमाप पैसा मिळवीत आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला शुल्कमाफी व निर्वाह एवढेच येई. २१ जून २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने क्रीडासंघटनेच्या विरुद्ध निवाडा दिला, १ जुलैपासून खेळाडूला स्वतःच्या नावाचे आणि छबीचे मोल घेता येऊ लागले, आणि २०२५ च्या तडजोडीने विद्यापीठांनी त्यांना थेट मोबदला देण्यासही मान्यता मिळाली. तेथे भांडण शिलकीच्या वाटणीचे होते; आमच्या महाविद्यालयांना खेळातून शिल्लक उरत नाही, म्हणून तेथला कायदा येथे उचलून आणण्यात अर्थ नाही. परंतु नाव आणि छबी यांचा मुद्दा आमच्या चौकांतही लागू पडतो. पदक घेऊन आलेल्या मुलाची तसबीर दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर झळकते, तिच्याभोवती दहा शुभेच्छुकांचे चेहरे असतात, क्लासचे आणि दुकानांचे नाव असते; ज्याच्या चेहऱ्यामुळे तो फलक वाचला जातो त्याला कोणी विचारलेले नसते.

मला सर्वांत डाचते ते दुखापतीचे. माझा एक विद्यार्थी जत्रेच्या मैदानात गुडघा मोडून आला. मैदान महाविद्यालयाचे नव्हते, म्हणून महाविद्यालयाने हात झटकले. ज्यांनी मैदान भरवले त्यांनी औषधापुरते पैसे दिले आणि पुढच्या जत्रेस दुसरी जोड ठरवली. शस्त्रक्रियेसाठी घरच्यांनी जमीन गहाण टाकली. हजेरी भरली नाही म्हणून त्याचे वर्षही गेले, आणि तो हजेरीपट माझ्याच हातचा होता. त्याला कमावू देण्यास कोणाचीच हरकत नव्हती. पण त्याच्या कमाईची नोंद कोणीच घेतलेली नसल्यामुळे त्याची हानीही कोणाच्या खाती पडली नाही. कमाईला मज्जाव नको, हे माझे मत त्या दिवशी बदलले नाही, उलट पक्के झाले. मात्र ज्या महाविद्यालयाच्या नावाने मुलगा खेळतो त्याने त्याच्या करारांची प्रत ठेवावी, विम्याचा हप्ता भरावा आणि हंगामात चुकलेल्या तासांची भरपाई करून द्यावी, हे मी त्यानंतर प्रत्येक सभेत मांडत आलो.

यंदा वैशाखात एका गावच्या मैदानाला गेलो होतो. कुस्त्या संपल्यावर प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी, केसांत अजून माती असलेली, वडिलांसह माझ्याकडे आली आणि तिने एक दुपानी करारनामा पुढे केला. खुराकाचे डबे विकणाऱ्या एका दुकानदाराला तिची तसबीर वर्षभर वापरायची होती. “सर, सही करू का?” तिने विचारले. आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो आणि दिव्याच्या उजेडात एकेक कलम वाचले. रक्कम होती, मुदत होती, तसबीर कोठे लावायची तेही होते. दुखापत झाल्यास काय, याचे कलम नव्हते. ते मी पेन्सिलीने समासात लिहिले आणि कागद तिच्या हाती परत दिला. तिने तो पुन्हा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला, आणि सही उद्या करीन म्हणाली.