बारा बोअरमधले बारा

शिवारात रानडुकरं उतरली की रावेर-यावलच्या केळीबागांपासून शिरपूरच्या मळ्यांपर्यंत एका बंदुकीचं नाव हमखास निघतं: बारा बोअर. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण हे बारा कशाचे? नळी बारा इंचांची नसते, तिचं भोक बारा मिलिमीटरचं नसतं आणि बारा हा तिच्यात भरायच्या गोळ्यांचा आकडाही नसतो.

उत्तर तराजूत आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसं घ्यायचं आणि त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते, ती बारा बोअरची. गणित करून पाहा. एकेक गोळी ३७.८ ग्रॅमची आणि साडेअठरा मिलिमीटर व्यासाची येते. त्याच एक पौंडाच्या सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. आकडा वाढला की भोक लहान! जुन्या काळच्या कारागिराने किराणा दुकानदारासारखं शिसं तोललं आणि त्या वजनातून नळीचं माप काढलं. ते माप आजही आपल्या परवान्यावर छापलेलं आहे.

जळगाव जिल्ह्यातच वरणगावला १९६४ पासून आयुध निर्माणीत काडतुसं तयार होतात. तिथलं एक काडतूस दुसऱ्यासारखं असतं, म्हणून त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत ते चालतं. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या, बंदुकीच्या काळात असं नव्हतं. हाताने घडवलेल्या दोन नळ्या कधी तंतोतंत सारख्या होत नसत. त्यामुळे बंदुकीबरोबर तिच्या गोळीचा साचाही घ्यावा लागे. साचा हरवला की बंदूक मुकी. अशी एकेक बंदूक, तिचा साचा, बारीक दारूची रंजकदाणी आणि बार ठासायचा गज असं सगळं जमवणाऱ्याला दर वेळी एक निराळा जीव हाती लागल्याचा आनंद होतो. या छंदाचा अभिमान तिथूनच येतो.

हा अभिमान किती जुना आहे ते बघायचं तर खानदेश जिंकणाऱ्या बादशहाकडेच जावं लागेल. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी घराण्याचं खानदेश मोगलांकडे गेलं. त्या मोहिमेत असलेला त्याचा दरबारी अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या खास बंदुकांचा हिशेब देतो. हजारो बंदुकांतून १०५ निवडलेल्या होत्या. बारा महिन्यांच्या नावाने बारा, आठवड्यांच्या पाळीच्या तीस, दिवसांच्या बत्तीस आणि जादा म्हणून एकतीस. महिन्याच्या बंदुकीची पाळी अकरा महिन्यांनी पुन्हा येई. त्यातली पहिली ‘संग्राम’. चितोडच्या वेढ्यात, १५६८ साली, किल्ला लढवणारा जयमल राठोड पडला तो तिच्याच गोळीने, असं अबुल फजल लिहितो. एकट्या तिच्या नावावर १०१९ शिकारींची नोंद आहे.

मला मात्र १०१९ पेक्षा त्यातल्या ‘नोंद’ या शब्दाचं नवल वाटतं. बादशाही कारखान्यात नळी तयार झाली की तिच्यावर लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं ते ठिकाण, कारागिराचं नाव, घडवल्याची जागा, तारीख आणि क्रमांक कोरत. संग्रहालयाची आजची नोंदवही याहून वेगळं काय विचारते? शस्त्रांचा ढीग आणि शस्त्रांचा संग्रह यांत फरक एवढाच. ढिगाला संख्या असते, संग्रहातल्या प्रत्येक वस्तूला जन्मदाखला असतो.

आता नळीच जवळून पाहू. जुन्या, चांगल्या नळीवर उजेड तिरपा पडला की लोखंडात नागमोडी रेषा दिसतात, कापडावर छापलेल्या लहरीसारख्या. ती नक्षी म्हणजे नळीच्या घडणीची खूण. लोखंडाचा पत्रा सरळ गुंडाळून त्याची कड उभी जोडली तर नळी होते खरी, पण बार उडताना नेमकी त्या जोडावर फाटते. कारण शेतकऱ्याला पाठ आहे. दाब वाढून पाइपलाइन फुटते तेव्हा पाइप बहुतेक लांबीतच चिरतो. बंद नळीत दाब भरला की तिच्या घेराला बसणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो, म्हणून ती उभी फाटते. लोहाराने हे सूत्र मांडलं नव्हतं, पण त्याच्या हाताला ते कळलं होतं. त्याने लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती तिरपी, वेढ्यावर वेढा देत गुंडाळली आणि ठोकून एकजीव केली. जोड तिरपा झाला, त्यावरचा ताण घटला. पट्टीत लोखंड आणि पोलाद एकत्र असलं की वेढे लाटांसारखे उमटतात. जे सौंदर्य वाटतं ते मुळात जीव वाचवण्याचं तंत्र आहे!

पाहण्यासारखी दुसरी जागा नळी आणि दस्ता यांच्या जोडाची. तोड्याच्या हिंदी बंदुकांत नळी दस्त्याला बहुधा चामड्याच्या, तारेच्या किंवा पत्र्याच्या बंदांनी बांधलेली दिसते. खानदेशात उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. लाकूड आकसतं, फुगतं. लोखंड त्याच्याबरोबर तसं हलत नाही. बंद मात्र सैल करून पुन्हा आवळता येतो.

हेच हवामान संग्राहकाचा खिसा रिकामा करतं. बंदूक विकत घेणं हा खर्चाचा पहिला हप्ता. पुढे कोरडं कपाट, पातळ तेल, सुती कापड, हातमोजे, कारण घामातलं मीठ लोखंड खातं. मग जाणकाराकडून तपासणी, विमा, पहारा. घरातल्यांचा वेळ वेगळाच. त्यात कायद्याची शिस्त हवी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीकडच्या परवान्याच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. म्हणजे चालत्या बंदुकांचं कपाट भरणं सामान्य माणसाला शक्यच नाही, आणि ते योग्यच आहे. ठासणीची बंदूक चालू स्थितीत असेल तर तिलाही परवाना लागतो. जी जुन्या घडणीची किंवा मोडकी आहे आणि दुरुस्त करूनही जिच्यातून बार सुटू शकत नाही, तिला कायदा सूट देतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेण्याला बंदी आहे. बंदुकांवरच्या मर्यादेमुळेच खऱ्या संग्राहकाच्या कपाटात मुख्यतः मौन धरलेल्या बंदुका असतात. गावठी कट्टा बाळगणाऱ्याचा या छंदाशी काडीचा संबंध नाही.

खानदेशात अशा बंदुका कुठून येणार, असं कुणी विचारेल. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रजांनी शिबंदी कापून काढली, किल्लेदाराला फाशी दिलं. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. १८५८ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी आंबापाणीला भीमा नाईक आणि काजरसिंग नाईक यांच्या भिल्लांनी इंग्रजी फौजेशी झुंज दिली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवणं हा गुन्हा ठरला. इतक्या लढायांच्या मुलखात एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गंजलेली नळी निघाली तर नवल नाही.

ती निघाल्यावर काय करावं, हे दोन माणसांनी दाखवून दिलं आहे. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांचं दुकान चालवत. दिवे, अडकित्ते, वाद्यं, शस्त्रं असं आयुष्यभर जमवत त्यांनी वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. दुसरे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. वाड्यावाड्यांतली दप्तरं धुंडाळत ते फिरले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात उभं आहे. एकाने वस्तू वाचवली, दुसऱ्याने कागद. बंदुकीला दोन्ही लागतात.

म्हणून ज्यांच्या घरात दसऱ्याला एखादी जुनी नळी पाटावर येते, त्यांना हात जोडून सांगणं आहे. तिला सँडपेपर लावू नका, लोखंडातल्या लाटा एका दुपारीत पुसल्या जातात. भंगारात देऊ नका. आधी पोलिसांना कळवा आणि जाणकाराला दाखवा, कारण शतकभर पडून असलेल्या ठासणीच्या बंदुकीतही बार भरलेला सापडतो. स्वतः तपासायला जाऊ नका. कागदपत्रं नियमात बसवा. आणि घरातलं सर्वांत वयस्क माणूस बोलतं आहे तोवर ती कुणाची, कुठून आली, कधी आली, हे वहीत लिहून ठेवा. अकबराच्या कारखान्यात जे प्रत्येक नळीवर कोरत, ते निदान पाच ओळींत आपल्यालाही लिहिता येईल.