आधी सोसणं, मग आशा: वायल्डरांच्या कोल्हापुरातून

कोल्हापुरात न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्च आहे. त्या वाटेनं रोज जाणाऱ्यांना हे वायल्डर कोण असं विचारलं, तर फार थोडे सांगू शकतील. त्यांची हकिगत कळली की ख्रिस्ती धर्मातली एक चक्रावून टाकणारी गोष्टही उमगायला लागते.

ती गोष्ट मांडली येशूचा प्रेषित पौल यानं, इसवी सन ५७ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात. तोवर पौलानं फटके खाल्ले होते, तुरुंग पाहिला होता, बुडत्या जहाजातून जीव वाचवला होता. असा माणूस लिहितो की संकटातून सोसण्याची ताकद येते, त्या ताकदीतून कसाला उतरलेलं शील घडतं आणि त्यातून आशा जन्मते. हा क्रम नीट पाहा. आशा आहे म्हणून माणूस तग धरतो, असं आपण एरवी समजतो. पौलाच्या हिशेबात आशा शेवटी येते, सोसून झाल्यावर!

कोल्हापूरकराला हे तालमीतून चटकन कळावं. पहाटे जोर-बैठका मारून अंग मोडून येतं, आणि त्या मोडण्यातूनच दमसास वाढतो. पौलालाही शर्यतीचे आणि मुष्टियुद्धाचे दाखले आवडायचे. पण तालमीत पोरगं आपल्या पायांनी जातं. कर्करोग, दुष्काळ, पोटच्या पोराचा मृत्यू यांना कुणी आमंत्रण देत नाही. मग हे दुःख येतं कुठून?

इथं बायबल सोपं उत्तर द्यायचं टाळतं, आणि मला वाटतं हेच त्याचं मोठेपण. जन्मांध माणूस पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आपल्याकडेही दवाखान्याच्या बाकावर हीच कुजबुज चालते: ‘काय भोग आलेत बघा, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार.’ येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. ईयोब नावाचा सज्जन माणूस सगळं गमावतो. ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं सांगणाऱ्या मित्रांनाच शेवटी देवाकडून बोलणी बसतात. स्तोत्रसंहितेत तर विलापाची स्तोत्रं रगड आहेत. देवाशी भांडणारी, त्याला जाब विचारणारी. खुद्द येशू पकडला जायच्या रात्री हे टळलं तर टाळ अशी विनवणी करतो, आणि क्रूसावर, देवानं आपल्याला का टाकलं, असं विचारतो. दुःख गोड आहे असं यात कुणीच म्हणत नाही. रोमन राजवटीत गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारायचं हत्यार म्हणजे क्रूस. तेच या धर्माचं चिन्ह झालं, कारण देव स्वतः त्या दुःखात उतरला, अशी ही श्रद्धा आहे.

आता वायल्डर. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी. १८४६ मध्ये ते अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये पत्नी एलायझासह कोल्हापूर संस्थानात. इथं त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. शाळा काढायच्या, गावोगाव फिरायचं, पत्रकं वाटायची, हे वर्षानुवर्षं चाललं. ख्रिस्ती होणारे मात्र मोजकेच. त्यात त्यांना पाठवणाऱ्या संस्थेशीच खटका उडाला. शाळांवर इतका भर नको, असं या बोस्टनच्या संस्थेचं धोरण. शाळा हव्यातच, असं वायल्डर यांचं म्हणणं, आणि त्यावर त्यांनी पुस्तकच लिहिलं. संस्थेचा आधार सुटला, तरी १८६१ मध्ये ते स्वतंत्रपणे कोल्हापुरात परत आले. हटवादी म्हणा हवं तर, थोडे होतेच. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळानं हे काम आपलं मानलं. पुढे पाचेक वर्षांनी ते थकल्या प्रकृतीनं अमेरिकेला परतले.

आकड्यांत मोजलं तर कोल्हापुरातली कमाई बेताचीच. पण १८६३ मध्ये याच गावात त्यांना रॉबर्ट नावाचा मुलगा झाला होता. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनच्या घरात रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस, विद्यार्थी परदेशी सेवेला निघावेत म्हणून प्रार्थना करत. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथं अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी मिशनरी व्हायची तयारी दाखवली, आणि त्यामागे धडपड होती ती या कोल्हापुरी रॉबर्टची. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीनं पुढच्या काही दशकांत वीस हजारांवर माणसं देशोदेशी पाठवली. मिशनरी गेले तिथं भलंच झालं असं नाही; साम्राज्याची सावली त्यांच्यासोबत होती, आणि त्यावरची टीका रास्त आहे. तरी एका संस्थानी गावातल्या तुटपुंज्या यशाच्या घरातून एवढा लोंढा निघावा, हे पाहून थक्क व्हायला होतं. रॉयल वायल्डर १८८७ मध्ये वारले. चळवळीची रीतसर स्थापना झाली त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे ज्यानं सोसलं, त्याला पीक जेमतेम अंकुरलेलं दिसलं. पौल म्हणतो ती आशा अशीच, हाती काही लागण्याआधीची.

सोसण्यातून आशा कशी येते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा ऐकावं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, अनेक मराठी मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना असते. बाहेर मार्च-एप्रिलचं ऊन, आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आणि पाळक एकामागून एक येशूचे क्रूसावरचे सात उद्गार उलगडत जातात. मध्ये पेटी-तबल्यावर भजनं होतात, त्यांत कितीतरी नारायण वामन टिळकांची. तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं सांगणारे हे कवी. त्यामुळे वारकरी घरातल्या कानालाही चाल परकी वाटत नाही. ख्रिस्ती नसलात तरी एखाद्या वर्षी मागच्या बाकावर जाऊन बसा. फक्त तीन तासांची सवड काढून जा, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.