सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल : ‘मॉयल’च्या संदर्भात

नागपूर येथे मुख्यालय असलेली मॉयल ही मँगनीज खनिजाचे उत्खनन करणारी सरकारी कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली. २०१० मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात सूचीबद्ध झाले. त्यामुळे तिचा वार्षिक अहवाल भागधारक व लोकप्रतिनिधी या दोहोंना उत्तरदायी ठरतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३९ नुसार सरकारी कंपनीचे लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नियुक्त करतात. कलम १४३ अन्वये त्यांना हिशेबांवर स्वतंत्र भाष्यही करता येते. कलम ३९४ नुसार हा अहवाल भाष्यासह संसदेपुढे आणि राज्य शासन भागधारक असल्यास राज्य विधिमंडळापुढेही ठेवावा लागतो. मॉयलमध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश भागधारक आहेत.

तथापि, अहवाल सभागृहापुढे ठेवणे म्हणजे त्याची तपासणी होणे नव्हे. भंडारा वा बालाघाट जिल्ह्यातील खाणकामगारांची सुरक्षितता, न्यायप्रविष्ट दावे आणि संभाव्य देणी नफ्याच्या आकड्यात दिसत नाहीत. ती हिशेबांवरील टिपणांत व परिशिष्टांत शोधावी लागतात. म्हणूनच वाणिज्य शाखेच्या अध्यापनात ताळेबंदाबरोबर टिपणांच्या वाचनालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.