हलकं ताट, जड पाय

साठी-पासष्टी उलटली की घरोघरी एक सल्ला ठरलेला असतो : आता हलकं खा. गॅस होतो म्हणून उसळ बंद, कवळी नीट बसत नाही म्हणून भाकरी बंद, रात्री जड पडतं म्हणून नुसता मऊ भात. पोट भरतं, तक्रार उरत नाही. मग कधीतरी देवापुढून उठताना आजींना कुणाचा तरी हात लागू लागतो, आजोबांना एसटीची पायरी उंच वाटू लागते आणि सगळे म्हणतात, वय झालं!

वयाचा वाटा आहेच. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर ही गळती वेग घेते. वैद्यकात तिला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. वजनकाट्यावर ती बरेचदा दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. आजी ‘तब्येतीनं तशाच’ दिसतात, पण मांड्यांमधलं बळ गेलेलं असतं.

त्यात उतारवयाची एक अडचण आहे. जेवणातल्या ज्या प्रथिनावर तरुण शरीर स्नायू बांधायला घेतं, तेवढ्यावर म्हातारं शरीर हलत नाही. त्याला एका वेळी जास्त प्रथिन लागतं. भूक मात्र कमी झालेली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं. ‘प्रॉट-एज’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी हा आकडा १ ते १.२ ग्रॅम सुचवला. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७२ ग्रॅम.

आता नेहमीचं ताट मोजू. सकाळी चहा-बिस्किटं नि बशीभर पोहे : ५-६ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, थोडा भात, ताक : १४-१५. संध्याकाळचा चहा : एक-दोन. रात्री मऊ भात आणि कपभर दूध : ८-९. एकूण जेमतेम तीस ग्रॅम. गरजेच्या निम्मं, तेही बरंचसं दुपारी एकदाच. उपासाच्या दिवशी तर आणखी कठीण. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच, खिचडीत जे असतं ते दाण्याच्या कुटाचं.

यावर प्रथिन-पावडरीचा महागडा डबा आणायलाच हवा असं नाही. पोह्यांऐवजी भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही घेतलं, तर न्याहारीलाच १५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. दोन अंड्यांत बारा. वरणाला डाळ मूठभर वाढवावी आणि पाणी कमी घालावं. चावता येत नसेल तर पिठलं, मऊ पनीर, बिनसाखरेचा चक्का आहेच. मासे खाणाऱ्यांनी शंभर ग्रॅम बांगडा खाल्ला तर १८-२० ग्रॅमची सोय होते. उसळ बाधत असेल तर मोड आणून, मऊ शिजवून, थोडी-थोडी वाढवत न्यावी. तिन्ही वेळच्या खाण्यात प्रथिनाचा ठसठशीत पदार्थ असावा, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे आकडे परस्पर लागू करू नयेत. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर आधी क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना विचारावं.

पण नुसत्या खाण्यानेही भागत नाही. बॉस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषागृहातल्या १०० जणांवरचा अभ्यास १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं ८७. दहा आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिलेल्यांचं बळ दुपटीहून अधिक झालं, चालण्याचा वेगही वाढला. ज्यांना व्यायामाविना नुसतं पोषक पेय मिळालं, त्यांच्यात फरक पडला नाही. प्रथिन म्हणजे विटा. काम निघाल्याशिवाय गवंडी त्यांना हात लावत नाही. स्नायूला काम मिळतं ते भार पडल्यावर. रोजचं फिरणं चांगलंच, पण त्याबरोबर खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठणं, जिना चढणं, झेपेल तेवढं उचलणंही हवं.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. खुर्ची भिंतीला टेकवावी, शेजारी कुणी उभं राहावं. हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर सार्कोपेनियावरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार ती धोक्याची खूण आहे. डॉक्टरांकडे जाऊन पुढची तपासणी करून घ्यावी.

घरातल्या थोरांना काही करू न देणं आणि पचायला सोपं तेवढंच वाढणं, ही आपल्याकडे सेवा समजली जाते. पण दोन्हींनी त्यांच्या वाट्याला परावलंबन लवकर येतं. बाजारातून येताना भाजीची हलकी पिशवी आजींच्याच हातात राहू द्यावी आणि जेवताना त्यांना घट्ट वरणाची दुसरी वाटी वाढावी.