स्टेरॉइड आणि मांडीतलं बळ

दमा किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला एक दिवस जाणवतं, की खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतोय. दुखत काहीच नसतं, मांड्यांतलं बळ गेलेलं असतं. (पिळदार शरीरासाठी चोरून घेतात ती स्टेरॉइड्स निराळी, इथे विषय प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांचा आहे.)

प्रयोगशाळेत ही झीज डोळ्यांना दिसते. माणसाच्या स्नायूतल्या पेशी बशीत वाढवल्या, की त्या एकमेकींत मिसळून लांब तंतू बनतात. त्यांवर डेक्सामेथासोन घातलं, की तंतू बारीक होतात. औषध पेशीच्या केंद्रकात शिरून काही जनुकं जागी करतं. त्यांतली दोन, अ‍ॅट्रोजिन-1 आणि मर्फ-1, 2001 साली उजेडात आली. त्यांपासून बनणारी प्रथिनं स्नायूतल्या इतर प्रथिनांवर खूण करतात आणि पेशी ती खूण झालेली प्रथिनं मोडीत काढते. नवी बांधणीही मंदावते.

मग ड्युशेन या आनुवंशिक स्नायूविकारात मुलांना हीच औषधं का देतात? कारण ती दाह शमवतात आणि मुलं जास्त काळ चालू शकतात. हा फायदा झीज न होता मिळेल का, या प्रश्नावर मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातलं एलिझाबेथ मॅकनॅली यांच्या गटाचं काम. त्यांच्या उंदरांत रोजच्या डोसाने स्नायू झिजले, आठवड्यातून एकदा दिलेल्या डोसाने मात्र ताकद वाढली.

अशक्तपणा जाणवला तर डॉक्टरांना जरूर सांगा, पण गोळ्या आपल्या मनाने अचानक थांबवू नका. ते जिवावर बेतू शकतं.