पारदर्शक वलयाचे वाचन

हिरव्या चहाची पाने खुडल्यानंतर लगेच वाफवली किंवा कढईत परतली जातात. त्या उष्णतेने पानांतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर निकामी होते आणि कॅटेचिन नावाची संयुगे, काळ्या चहातल्याप्रमाणे ऑक्सिडीकरणाने रूप न पालटता, बरीचशी टिकून राहतात. जीवाणूंना रोखण्याचे बहुतेक काम यांपैकी एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट या संयुगाकडे असते.

ते पडताळण्यासाठी प्रयोगशाळेत म्युलर-हिंटन आगर हे पोषक माध्यम पेट्री डिशमध्ये सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या थरात ओतून गोठवले जाते. जीवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणित द्रावणाइतकेच गढूळ, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जीवाणू असलेले, करून घेतात आणि त्यात बुडवलेला निर्जंतुक कापसाचा बोळा नळीच्या कडेला दाबून, जादा द्रव निथळवून, डिश फिरवत तीन दिशांनी थरावर सारवतात. मग कॉर्क बोररने पाडलेल्या बारीक खळग्यांत चहाचा अर्क, नुसता द्रावक आणि परिचित प्रतिजैविक वेगवेगळे भरले जातात. द्रावकाचा खळगा वगळण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो. परंतु अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असेल, तर जीवाणू चहाने रोखले की अल्कोहोलने, हे त्या खळग्यावाचून सांगताच येत नाही.

साधारण ३५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवल्यावर डिशवर जीवाणूंची धुरकट साय धरते आणि अर्क प्रभावी असल्यास खळग्याभोवती स्वच्छ, पारदर्शक वलय उरते. गळवे व जखमांतील संसर्गास कारण होणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या डिशवर ते सहसा ठळक असते. मूत्रमार्गाच्या संसर्गात वारंवार आढळणाऱ्या ई. कोलायच्या डिशवर मात्र पुष्कळदा अरुंद असते किंवा नसतेच. कॅटेचिन पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनला चिकटते आणि पेशीपटलाला इजा करते, पण ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंना भित्तिकेबाहेर आणखी एका पटलाचे कवच असल्याने तेथे त्याचा सहज शिरकाव होत नाही. तरीही वलयाच्या रुंदीवरून दोन अर्कांची प्रतवारी लावणे धोक्याचे असते, कारण ती रुंदी संयुगाच्या मारकतेइतकीच ते आगरमधून किती दूर झिरपते यावरही ठरते.

म्हणून पुढच्या टप्प्यात अर्क निम्मा-निम्मा विरल करत नेऊन वाढ थांबवणारी सर्वांत कमी संहती, म्हणजेच किमान प्रतिबंधक संहती, शोधतात. स्टॅफिलोकोकसच्या अनेक वाणांसाठी ती मिलिलिटरमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट इतकी आढळते, तर ग्रॅम-ऋण जीवाणूंसाठी बहुधा कित्येक पट जास्त असते. प्रयोगशाळेबाहेरच्या दाव्यांची गाडी अडते ती येथेच. चहा प्यायल्यानंतर रक्तात पोहोचणारे हे संयुग मिलिलिटरमागे सामान्यतः एक मायक्रोग्रॅमही भरत नाही, त्यामुळे डिशमध्ये खरे ठरलेले वलय रक्तातील वा फुप्फुसातील संसर्गाला लागू करणे हा तर्कदोषच ठरतो. ही तूट भरून काढण्यासाठी अर्काच्या गोळ्या वाढवत नेणेही सुरक्षित नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट पूरक स्वरूपात घेण्याचा संबंध यकृताला इजा झाल्याचे दर्शवणाऱ्या विकरांच्या वाढीशी जोडला आहे.

तोंडातील गणित मात्र निराळे आहे. कपभर चहात हे संयुग साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे दात आणि हिरड्यांवरून जाणाऱ्या घोटात त्याची संहती मिलिलिटरमागे काही शे मायक्रोग्रॅम भरते. शिवाय दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स साखरेपासून चिकट बहुशर्करा बनवून दातांना धरून राहतो, आणि ती बनवणाऱ्या विकरालाच कॅटेचिन अटकाव करते. त्यामुळे जीवाणू मेला नाही तरी त्याची दातावरची पकड ढिली होऊ शकते. चहात साखर घातली, तर अर्थातच त्याच जीवाणूला कच्चा माल पुरवला जातो.